गावातले सगळे वकील

प्रिय धाकटे,

पार्लरवालीने हा कागद तुझ्या हातात दिला असेल तेव्हा तुझ्या केसांना रंग लावून झालेला असेल, म्हणजे आता तासभर तुला जागचं हलता येणार नाही. मुद्दामच तसं ठरवलंय. एरवी मी समोर दिसले की तू रस्ता ओलांडून पलीकडे जातेस. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन तुला अशी पळताना पाहिलं की राग यायच्या आधी मला हसूच येतं. फोन करण्यात अर्थ नव्हता. तुझा फोन संध्याकाळी कुणाच्या हातात जातो ते मला कुणी सांगायला नको, त्याच घरात माझाही तसाच जायचा. तेव्हा मुकाट्याने वाच, आणि वाचून झालं की कागद तिलाच परत दे. ती त्याचे तुकडे करून केसांच्या कचऱ्यात टाकणार आहे. पर्समध्ये जपून ठेवायचा शहाणपणा करू नकोस.

'प्रिय' लिहिलंय ते मनापासून लिहिलंय, पण सुखासुखी लिहिलेलं नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून, शपथ घेऊन, 'वहिनींच्या हातावर काच पडली' असं तू सांगितलंस. ते मी विसरलेली नाही आणि या जन्मात विसरेन असं वाटत नाही. आणि माझी पोर त्या घरात अडकून पडली होती तेव्हा तिचे केस तू विंचरत होतीस, ताप आला तर उशाशी तू बसत होतीस, हेही पोरीनेच मला सांगितलंय. या दोन गोष्टी मी मनात शेजारी शेजारी ठेवून बघते आणि काही केल्या मला त्यांचा हिशेब लागत नाही. मावशी म्हणते, एकतर त्या बाईवर राग धर नाहीतर माया धर, दोन्ही दगडांवर पाय ठेवून तूच आपटशील. मी म्हटलं, सध्या दोन्ही धरलंय, काय सोडायचं ते नंतर बघू.

पिटुकली मजेत आहे. पुढचे दोन दात पडलेत आणि त्या फटीतून पाण्याची पिचकारी मारायची विद्या तिला साधली आहे. मावशीची सगळी भिंत ओली. ही माझी मावशी म्हणजे जिने जन्मभर शाळेची घंटा वाजवली ती. तिच्या खोलीत आम्ही तिघी राहतो. खोली केवढी, तर एकीला कूस बदलायची असली की दुसऱ्या दोघींना कळवावं लागतं. मी बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे काच कापायला जाते. मनगटातून अजून कळ येते, जाड काच आली की कटर डाव्या हातात घ्यावं लागतं आणि कड सरळ निघत नाही. मालक ती काच बाजूला ठेवतो आणि छोट्या फोटोंना वापरतो. पण ज्या दिवशी कड वाकडी जाते त्या दिवशी तुझ्या मोठ्या दिरांची, म्हणजे माझ्या नवरोबांची, मला फार आठवण येते. प्रेमाने येत नाही, हे तुला सांगायला नको.

हात कसा मोडला ते तू पाहिलं आहेस, म्हणून लिहीत नाही. तू आपल्या काचेच्या दुकानाच्या मागच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस. कटिंगच्या टेबलावर माझं मनगट दाबून धरून त्याने ते पिरगाळलं, आणि हाड वाजलं तेव्हा तुझ्या ट्रेमधले कप वाजले. कारणही लिहीत नाही, कारण काही नव्हतंच. त्यानंतरचं मात्र सांगते. दवाखान्यातून आणल्यापासून तो माझ्या पलंगाजवळून हलला नाही. दुकान तुझ्या नवऱ्यावर सोडलं, मला स्वतःच्या हाताने भरवलं, औषधाच्या वेळा पाळल्या. बघायला येणाऱ्या बायका मला म्हणायच्या, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. सासूबाई म्हणायच्या, तापट आहे गं, पण मनाचा साफ आहे, रागाच्या भरात माणसाच्या हातून होतं एखादं. आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. त्याला राग आवरत नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले होते की ते मला घरच्या पत्त्यासारखं पाठ झालं होतं.

प्लास्टर तपासायला एकटीला जाऊ देतो म्हणाला, त्या दिवशी मी दवाखान्यातून तशीच मावशीकडे गेले. पिटुकलीला शाळेतून घ्यायला पोचले तर त्याने तिला आधीच नेलेलं. संध्याकाळी निरोप आला, पोर हवी असेल तर परत ये, दार उघडं आहे. बस्, एवढंच. ना आरडाओरडा ना शिवीगाळ. मावशीने तिथल्या तिथे त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि मग डोळे पुसून म्हणाली, आता वकील गाठायला हवा. पोर परत आणायची तर त्याच्याशिवाय गत्यंतर नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी गळ्यात हात अडकवून कोर्टाच्या रस्त्याला लागले. पहिला वकील तो, ज्याची पाटी चौकातूनही वाचता येते. त्याने मला बसवलं, पाणी दिलं, पॅड पुढे ओढलं. कुठे राहता, लग्नाला किती वर्षं झाली, हात कसा मोडला, सगळं सहानुभूतीने विचारलं. मग नवऱ्याचं नाव विचारलं. मी सांगितलं आणि त्याने पेनाला टोपण लावलं. म्हणाला, माफ करा, हे काम मला घेता येणार नाही. का, ते सांगायला तयार नाही. मला वाटलं माझ्या साडीकडे बघून फी मिळणार नाही असा अंदाज त्याने बांधला असेल. मी म्हटलं, हप्त्याहप्त्याने देईन. तो नुसती मान हलवत राहिला. दुसऱ्याने तर मी दुकानाचं नाव घेतल्याबरोबर दार उघडून धरलं. तिसऱ्याचा कारकून जिन्यातच आडवा आला. चौथी बाई होती, तिच्याकडून मला फार आशा होती, बाईचं दुःख बाईला कळेल वगैरे. तिने माझ्याकडे बघायचंसुद्धा टाळलं. दुपारी खोलीवर परतले तर मावशी म्हणाली, तू आत गेल्याबरोबर काय बोलतेस तरी काय, तोंडात सुपारी धरून बसत जा. माझ्या डोळ्यांत पाणी आणि ही हसवते आहे.

शेवटी एका म्हाताऱ्या वकिलाकडे गेले. त्याच्या ऑफिसात पंखासुद्धा धड चालत नव्हता, म्हणजे स्वस्त असणार असा माझा हिशेब. त्यानेही नाहीच सांगितलं, पण मी उठेना. म्हटलं, बाबा, या गावात माझ्या अंगाला काही घाण लागली आहे का, सगळे असे हात का झटकताहेत, तेवढं सांगा, मी जाते. त्याने उठून दार ओढून घेतलं. मग म्हणाला, 'पोरी, आमच्या धंद्यात आधी जो येऊन सल्ला विचारतो त्याचे आम्ही होतो. मग काम मिळो न मिळो, त्याच्या विरुद्ध उभं राहता येत नाही. याहून जास्त मला बोलता येत नाही, आणि एवढंही मी बोललो नाही असं समज.'

मी जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसले. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तुझे मोठे दीर गावातल्या एकूण एक वकिलाकडे जाऊन आले होते. प्रत्येकासमोर अर्धा तास बसायचं, बायकोशी पटत नाही, काय करता येईल असं विचारायचं, सल्ल्याचे पैसे टाकायचे आणि उठायचं. कुणालाही काम द्यायचं नाही. नुसती सगळी दारं एकेक करून लावून घ्यायची, म्हणजे मी आले की मला कुठेच कडी उघडी मिळू नये. बाहेरगावचा वकील करायचा तर प्रत्येक तारखेला त्याचं येणंजाणं आणि वर फी, ते माझ्या बापजन्मात जमणारं नव्हतं, आणि त्यालाही ते ठाऊक होतं.

पण धाकटे, तळपायाची आग मस्तकात गेली ती यानंतर, त्याच पायरीवर. मी विचार केला, हा गेला कधी? हात मोडला त्या दिवसापासून मी घर सोडेपर्यंत हा माणूस माझ्या उशाशी बसून मला भरवत होता. घर सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वकिलांकडे गेले. मग एवढे जिने हा चढला कधी? आधी. हात मोडायच्या आधी. सगळ्या वकिलांकडे जाऊन आला, शेवटचं दार लावून झालं, आणि मग एका दुपारी कटिंगच्या टेबलाशी त्याला 'राग' आला. मी वर्षानुवर्षं ज्याला तापटपणा म्हणत होते तो निवांत बसून आखलेला बेत होता. त्या पायरीवर बसेपर्यंत मला फक्त माझी पोर हवी होती. उठले तेव्हा मला सूडही हवा होता. मावशी म्हणते न्याय म्हण, चांगलं दिसतं. मी नाही म्हणणार. सूड म्हणजे सूड.

कोर्टाबाहेर टंकलेखन करणारी एक बाई बसते. मला पायरीवर बसलेली बघून तिने स्वतःच्या डब्यातलं पाणी दिलं आणि म्हणाली, आत जा, कँटीनच्या मागे, संडासाच्या शेजारी एक खोली आहे, तिथे बायकांना फुकट वकील देतात. पाटी वगैरे नाही, मोडक्या खुर्च्या दिसल्या की तीच. खोलीत शिरले तर मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाआड एक बाई फोनवर कुणाला तरी सणसणीत झापत होती. तीच आपली वकीलबाई. एकाच वेळी खोकते, बोलते आणि लिहिते. हाताखाली इतक्या बायकांची कामं की कुणाचंच नाव तिच्या लक्षात राहत नाही. एकीला 'जळालेली', एकीला 'बँकवाली', आणि मी पहिल्या दिवसापासून 'काचवाली'. पहिल्यांदा राग आला, मग सवय झाली. मी घाबरत घाबरत विचारलं, माझा नवरा तुमच्याकडे येऊन गेलाय का? तिने आधी नीट विचार केला, मग म्हणाली, 'नाही हो, आणि आता तर मला अपमान झाल्यासारखं वाटतंय.' मी मोठ्याने हसले. हात मोडल्यापासून पहिल्यांदाच.

तो तिच्याकडे का गेला नाही ते तुला सांगायला हवं का? आपल्याकडे कुणी काचेचा उरलेला तुकडा फुकट मागितला की तो काय म्हणायचा ते आठव. फुकटचं भिकाऱ्याला. फुकट मिळणाऱ्या गोष्टीत काही दम असू शकतो हे त्याच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. ज्या दारावर पाटी नाही ते दार त्याला दिसलंच नाही, आणि मी त्याच दाराने आत गेले. रोज झोपताना मी हे एकदा आठवते, औषधाच्या गोळीसारखं.

पुढचं तुझ्या समोरच झालं. तो भारी वकील घेऊन आला. त्या पाटीवाल्यांपैकीच एक, आता उघडपणे त्याचा. आमची वकीलबाई दुसऱ्या कोर्टातून धावत, खोकत, बगलेत कागदांचा भारा घेऊन आली. तुझ्या नवऱ्याने तिच्याकडे बघून तोंड वाकडं केलेलं मी पाहिलं. मग त्यांनी तुला उभी केली. तुला पढवून पाठवलं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. काच उतरवताना निसटली आणि वहिनींच्या हातावर पडली. काचवाल्याला खोटं बोलायचं झालं तरी काचच सुचते बघ. जिन्यावरून पडले म्हणाला असता तर मी काय करणार होते? पण नाही. घरात सगळ्यांच्या तोंडी चोवीस तास काच, तर हात मोडायलाही काचच.

वकीलबाई उठली. तिने आवाजही चढवला नाही. काच केवढी होती? तू म्हणालीस, दाराएवढी. हातावर पडली? हो. फुटली? हो. मग टाके किती पडले? समोरून तुझे दीर डोळे वटारून बघताहेत, मागे तुझा नवरा बसलाय. तू चार म्हणू शकली असतीस, पाच म्हणू शकली असतीस. दवाखान्याच्या कागदाने ते खोटं पाडलं असतं, पण तेवढ्यापुरती तुझी सुटका झाली असती. तू म्हणालीस, 'एकही नाही. ओरखडासुद्धा नव्हता.' न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. दाराएवढी काच हातावर फुटते, हाड मोडतं आणि कातडीवर रेघसुद्धा उमटत नाही, हे काय आहे हे समजायला काचवाला असायची गरज नव्हती. तुझ्या दिरांच्या तोंडाचा रंग उडाला तो मी डोळे भरून पाहिला.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीवर अडले आहे. टाक्यांचं तुला विचारलं होतं. ओरखड्याचं कुणीही विचारलं नव्हतं. ते तू आपणहून का बोललीस? घाबरून तोंडातून निसटलं, की मला देण्यासारखं तुझ्याकडे तेवढंच होतं ते तू दिलंस? तुझ्यावर पूर्ण राग धरता येत नाही तो या एका वाक्यामुळे. याचं उत्तर मला कधीतरी तुझ्या तोंडून हवं आहे, आत्ता नको.

दुसरी एक गोष्ट मी तेव्हा पाहिली, पण माझ्याच विवंचनेत होते म्हणून मनात शिरली नाही. प्रत्येक प्रश्नाला तू मान वळवून उजवा कान पुढे करत होतीस. वकीलबाईला दोनदा प्रश्न पुन्हा विचारावा लागला, तेव्हा मागे बसलेला तुझा नवरा हसला. लोकांना वाटलं तू बावळट आहेस. तू काय आहेस ते मला माहीत आहे. गोदामातून काचेवर बोट वाजवल्याचा आवाज आला की स्वयंपाकघरातून तू सांगायचीस, ही तडकलेली आहे, गिऱ्हाइकाला देऊ नका. सगळ्या घरात तुझ्यासारखे कान कुणाचे नव्हते.

हुकूम झाला. पिटुकली माझ्याकडे आली, त्याने माझ्या जवळपास फिरकायचं नाही असं ठरलं, आणि महिन्याच्या महिन्याला पोरीच्या खर्चाचे पैसे त्याने स्वतः कोर्टाच्या खिडकीवर भरायचे. तो कुणालाही पाठवू शकत नाही, स्वतःच यायचं, रांगेत उभं राहायचं. धाकटे, त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकते. समोरच्या व्हरांड्यात, त्या टंकलेखनवाल्या बाईजवळ, चहाचा कप घेऊन बसते आणि त्याला रांगेत उभा असलेला बघते. पुढेमागे फाटक्या कपड्यांची माणसं, ज्यांना तो भिकारी म्हणायचा ती, आणि मधोमध आपला शेठ. एकदा त्याची नजर माझ्याकडे गेली. मी कप उंच करून त्याला दाखवला. वकीलबाईला कळलं तेव्हा ती ओरडली, असले चाळे करू नकोस, उद्या त्यांचा वकील ह्याचंच भांडवल करेल. मी हो हो म्हटलं. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले, फक्त कप खाली ठेवला. लोक म्हणतात सूड घेऊन मनाला शांती मिळत नाही. त्यांनी घेतलेला नसावा. मला छान झोप लागते.

लागत होती, या आठवड्यापर्यंत. पिटुकली परवा खेळता खेळता म्हणाली, मी तिकडे होते ना, तेव्हा काकू फोन डाव्या कानाला लावायचीच नाही, तिकडून काहीच ऐकू येत नाही म्हणायची. मी पार्लरवालीला विचारलं. ती आधी सांगेना, मग म्हणाली, डाव्या कानामागे माझं बोट लागलं की ती खुर्चीतून उसळते, आणि तिथे केस असे पाडून मागते की काही दिसू नये. तुझा नवरा आपल्या घरातला हसरा म्हणून ओळखला जातो ना? पिंजऱ्यात तू कान पुढे करत होतीस तेव्हा तो का हसला ते मला आता कळलं. त्या हुकमानंतर तुझं त्या घरात काय होत असेल, ओरखड्याच्या त्या एका वाक्याची किंमत तुझ्याकडून कशी वसूल होत असेल, याचा मी एवढे दिवस विचारच केला नाही, मी व्हरांड्यात चहा पीत होते.

आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. सोमवारी फ्रेमच्या दुकानातून मी समोर बघितलं तर पाटीवाल्या वकिलाच्या जिन्यावरून तुझा नवरा उतरत होता. मंगळवारी त्या वकीलबाईच्या, जिने माझ्याकडे बघायचं टाळलं होतं तिच्या जिन्यावरून. परवा हुकमाची नक्कल आणायला मी कोर्टात गेले, तर कँटीनच्या मागे, मोडक्या खुर्च्यांच्या खोलीपुढे तो उभा. सोबत तुझे मोठे दीर, बोटाने दार दाखवत. या वेळी त्यांनी ते दारही हिशेबात धरलंय. आपली वकीलबाई दुसऱ्या कोर्टात होती, शिपायाने त्यांना येत्या सोमवारी यायला सांगितलं. मी खांबाआड उभी राहून हे ऐकलं. त्या घरात वकील आधी होतात आणि हाड नंतर मोडतं, हे मला ठाऊक आहे, तुला अजून ठाऊक नाही. क्षणभर मनात आलं, शपथेवर खोटं बोललीस ना, मग आता भोग. तेवढा विचार मी पुरता चघळला आणि थुंकून टाकला. मला त्या घरातला दुसराही त्या रांगेत उभा हवा आहे, आणि ते तुझ्याशिवाय होणार नाही. मावशीच्या खोलीत तुझी पथारी आजच घातली आहे, कूस बदलताना तिघींना कळवू. माझं काम संपलंय, तेव्हा तुझं घ्यायला वकीलबाईला काही आडकाठी नाही, हे मी विचारून घेतलंय. आता मान वर कर. तुझ्या उजव्या बाजूच्या खुर्चीत डोक्याला टॉवेल गुंडाळून, तोंडाला लेप लावून जी बाई मघापासून एकच पान वाचते आहे, ती तीच आहे. तिला आपणहून तुझ्याशी बोलता येत नाही, तो त्यांचा नियम, सुरुवात तुलाच करावी लागेल. 'मला तुमचा सल्ला हवा आहे,' एवढंच म्हण. त्या क्षणापासून ती तुझी झाली, आणि सोमवारी तुझा नवरा दार वाजवील तेव्हा मला सगळ्यांनी जे सांगितलं तेच ती त्याला सांगेल.

तुझीच,
थोरली